अमेरिकेत गाडीच्या वार्षिक नोंदणीचे शुल्क प्राप्तिकर विवरणपत्रात वजा करता येते का?

पूर्ण शुल्क वजा करता येत नाही. त्यातला केवळ गाडीच्या किमतीवर आकारलेला भाग वजा होतो, आणि तोही आपण स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) न घेता विवरणपत्रासोबतचे शेड्यूल ए हे जोडपत्र भरून तपशीलवार वजावटी घेत असाल तरच. आयआरएसच्या (अमेरिकेच्या प्राप्तिकर विभागाच्या) नियमानुसार हा भाग वैयक्तिक मालमत्तेवरील कर ठरण्यासाठी तो फक्त मूल्यावर आधारित आणि दरवर्षी आकारला जाणारा असावा लागतो, त्यामुळे वजनावर किंवा ठरावीक दराने घेतलेली रक्कम बाद होते. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियाच्या नोंदणी नूतनीकरणाच्या नोटिशीत ‘व्हेइकल लायसन्स फी’ ही वेगळी ओळ असते आणि ती गाडीच्या मूल्याच्या 0.65 टक्के असते. शेड्यूल एच्या 5सी या ओळीत तेवढीच रक्कम लिहावी. त्याच नोटिशीतले नोंदणी शुल्क किंवा उशिराचा दंड त्यात मिळवू नये. नोटिशीवर अशी फोड नसेल, तर राज्याच्या मोटार विभागाकडून ती आधी मागून घ्यावी, अंदाजाने आकडा टाकू नये. मात्र राज्य व स्थानिक करांच्या एकूण वजावटीला मर्यादा आहे: 2018 ते 2024 या वर्षांसाठी 10,000 डॉलर, तर 2025 साठी 40,000 डॉलर, आणि मोठ्या उत्पन्नावर ती कमी होत जाते. स्वतःच्या व्यवसायासाठी गाडी वापरणाऱ्याने प्रत्यक्ष खर्चाची पद्धत निवडली असेल, तर व्यावसायिक वापराच्या प्रमाणात पूर्ण नोंदणी शुल्कही शेड्यूल सी या व्यवसायाच्या जोडपत्रात दाखवता येते. मैलामागे ठरलेला दर घेतल्यास मूल्यावर आकारलेला भाग सोडून बाकीचे नोंदणी शुल्क त्या दरातच धरलेले असते.