जीन बँक असताना अँडीजमधले शेतकरी शेकडो जातींचे बटाटे शेतात का जपतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पेरूची राजधानी लिमा इथल्या जीन बँकेत, म्हणजे पिकांच्या जाती जपून ठेवणाऱ्या केंद्रात, बटाट्याच्या हजारो जाती सुरक्षित असताना पेरूमधल्या अँडीज डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांनी कमी उत्पन्नाचे जुने बटाटे का लावत राहावेत? आणि हा सगळा परंपरेचा हट्ट आहे का?

आधी थोडक्यात सांगते. जीन बँकेत जात टिकते, पण ज्या अवस्थेत आत गेली त्याच अवस्थेत टिकते. शेतात ती दरवर्षी गारठा, कीड, करपा आणि माणसाची निवड या सगळ्यांतून जाते आणि तिथेच नव्या जाती जन्माला येतात. शिवाय कोणता बटाटा कुठल्या उताराला लावायचा, कोणता कडू, कोणता किती वर्षं साठवता येतो, ही माहिती बँकेतल्या काचेच्या नळीत राहत नाही. ती लावणाऱ्या आणि खाणाऱ्या माणसांकडे असते. म्हणून हा हट्ट नव्हे. त्या उंचीवर शेती करायची तर तीच शहाणपणाची रीत आहे.

मी हे इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर. आमच्याकडे खरिपात बटाटा हे मोठं पीक आणि बेणं पंजाबातून ट्रकने येतं. पठारभर एक-दोनच जाती दिसतात. ढगाळ हवा आठवडाभर टिकली आणि करपा पडला, तर सगळ्यांच्याच शेतात पडतो. पुढे कृषी वनस्पतिशास्त्र शिकताना बटाट्याच्या मूळ गावाबद्दल वाचायला लागले आणि त्यातच रमले.

बटाट्याची लागवड बेण्याने होते. डोळा असलेली फोड लावली की जे झाड येतं ते आईची हुबेहूब नक्कल असतं. बटाट्याला फुलं येतात, टोमॅटोसारखी छोटी हिरवी फळं लागतात आणि त्यांत खरं बीही असतं. पण त्या बियांतून येणारं प्रत्येक झाड वेगळं निघतं. म्हणजे जात जशीच्या तशी राखायची तर बी साठवून भागत नाही, तो कंदच पुन्हापुन्हा लावावा लागतो. लिमाचं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र 1971 साली सुरू झालं. तिथे निर्जंतुक नळ्यांमध्ये छोटी रोपं थंडाव्यात वाढवतात, ठरावीक काळाने ती नव्या नळीत हलवतात, काहींचे कोंब द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर गोठवून ठेवतात. काम मोलाचं आहे आणि खर्चिकही. नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या जागतिक बियाणे-तिजोरीत मात्र बटाट्याचं खरं बी जातं. त्यात गुण सगळे असतात, पण ठरावीक जात त्यातून जशीच्या तशी परत मिळत नाही. पेरूत लोकांच्या आवडीची ‘वायरो’ नावाची जात आहे. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे तिला धड बीच धरत नाही. ती टिकली आहे ती कुणीतरी दर हंगामाला तिचं बेणं राखून लावलं म्हणून.

आता शेताकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

कळसूबाई 1,646 मीटर उंच. अँडीजमधली देशी बटाट्याची शेतं बहुतेक साडेतीन हजार मीटरच्या वर सुरू होतात आणि चार हजारांच्या पुढेही जातात. तिथे एकाच दिवसात कडक ऊन, गारा आणि रात्री गोठवणारी थंडी असं सगळं येऊ शकतं. अशा ठिकाणी एकच मोठं शेत आणि एकच जात म्हणजे जुगार. म्हणून एकेका कुटुंबाचे लहान लहान तुकडे वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या उतारांवर विखुरलेले असतात. एका तुकड्यावर गारा पडल्या तरी दुसरा वाचतो. बऱ्याच तुकड्यांत जाती वेगळ्या न काढता मुद्दाम मिसळून लावतात. अशा मिश्र लागवडीला केचुआ या तिथल्या मूळ भाषेत ‘चाक्रू’ म्हणतात. एकाच सरीत जांभळा, पिवळा, लाल, आतून नक्षीदार, बोटासारखा लांब, गाठींनी भरलेला असे वीस-तीस प्रकार सहज निघतात. एखाद्या जातीला थंडी लागते, दुसरीला करपा, तिसरी दोन्हींतून तरते. कुठलं वर्ष कसं जाणार हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्याच जातींना जागा.

सर्वांत वरच्या पट्ट्यात कडू बटाटे लावतात. त्यांच्यात इतकी विषारी द्रव्यं असतात की नुसते उकडून खाता येत नाहीत, पण कडाक्याच्या थंडीत तेच उभे राहतात. त्यांच्यावर जो उपाय तिथल्या लोकांनी शोधला तो मला अजूनही थक्क करतो. जून-जुलैत, म्हणजे त्यांच्या हिवाळ्यात, बटाटे उघड्यावर गवतावर पसरतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हात सुटतात. मग अनवाणी पायांनी तुडवून पाणी आणि सालं काढतात. असं काही दिवस चालतं आणि मग बटाटा खडखडीत वाळवतात. पांढरा प्रकार हवा असेल तर तो काही आठवडे वाहत्या ओढ्यात बुडवून ठेवतात, म्हणजे कडूपणा धुऊन जातो. याला ‘चुन्यो’ म्हणतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. इंका राजवटीच्या कोठारांत तो साठवलेला असे. आजही दुष्काळाच्या वर्षी घर त्याच्यावर निभतं. आता बघा, कडू जात नळीत जपली आणि चुन्यो करणारी माणसं गाव सोडून गेली, तर मागे उरेल तो एक विषारी कंद.

जमिनीला विश्रांती देण्याचीही गावकीची पद्धत आहे. गावाच्या शिवाराचे भाग पाडलेले असतात आणि दरवर्षी कुठल्या भागात बटाटा लावायचा हे सगळे मिळून ठरवतात. बटाट्यानंतर ओका, ओयुको यांसारखे दुसरे कंद, मग बार्ली किंवा बाकला, आणि नंतर काही वर्षं जमीन पडीक. तिथे लामा आणि मेंढ्या चरतात. एका भागाची पाळी पुन्हा यायला कधी कधी सात वर्षं लागतात. या काळात जमिनीतले सूत्रकृमी आणि बटाट्यातले भुंगेरे उपाशी मरतात. एकट्या शेतकऱ्याने ठरवून हे जमत नाही. त्यासाठी गाव एकत्र लागतं, आणि म्हणून शेती आणि संस्कृती अशा दोन चौकटी तिथे वेगळ्या करता येत नाहीत. नांगरणीला पायाने दाबायचं ‘चाकिताक्ला’ नावाचं अवजार असतं. पुरुष ते जमिनीत रोवतात, समोर बसलेल्या बायका ढेकूळ उलटतात. आज मी तुमच्या शेतात, उद्या तुम्ही माझ्या. या देवघेवीला ते ‘आय्नी’ म्हणतात. आपल्याकडची सावड अजून आठवणाऱ्यांना ती समजावून सांगायला नको. बेणं निवडणं आणि राखणं हे मुख्यतः बायकांचं काम. काढणीच्या वेळी शेतातच ढेकळांची भट्टी रचून, तापवून, तिच्यात बटाटे पुरून भाजतात. त्या वेळी कुठल्या जातीला कशी चव हे लहान मुलांच्या जिभेवर बसतं. एका गाठाळ जातीचं नाव ‘सुनेला रडवणारा’ असं आहे, कारण ती सोलणं महाकठीण.

लागवडीच्या वेळेबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पेरू आणि बोलिव्हियातल्या अनेक गावांत 24 जूनच्या सुमारास लोक पहाटेच्या अंधारात उंचावर जाऊन कृत्तिका बघतात. कृत्तिका ठळक दिसल्या तर पाऊस वेळेवर आणि चांगला येणार. अंधूक दिसल्या तर उशिरा आणि कमी येणार, म्हणून बटाट्याची लागवड काही आठवडे पुढे ढकलतात. 2000 साली बेंजामिन ऑर्लोव्ह, जॉन चियांग आणि मार्क केन या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये याचं कारण मांडलं. एल निन्योच्या वर्षी जूनमध्ये फार उंचावर पातळ ढगांचा थर वाढतो, डोळ्यांना तो ढग म्हणून जाणवत नाही, पण तारे मंद दिसतात. आणि त्याच वर्षी पुढे पाऊस कमी पडतो. मृग आणि आर्द्रा मोजणाऱ्या घरात वाढल्यामुळे असेल, पण शेकडो वर्षं नुसत्या डोळ्यांनी केलेलं हे निरीक्षण मला फार मोठं वाटतं.

आता तुमच्या जीन बँकेच्या मुद्द्याला धरून. पेरूतल्या कुस्को शहराजवळ पिसाक गावाच्या वरच्या डोंगरात केचुआ लोकांच्या काही गावांनी मिळून ‘पार्के दे ला पापा’, म्हणजे बटाट्याचं उद्यान, उभं केलं आहे. उद्यान म्हटलं तरी तिथे कुंपण नाही आणि तिकीट खिडकीही नाही. नऊ हजारांहून जास्त हेक्टरांचं हे शिवार या गावांनी एकत्र सांभाळायचं ठरवलं आहे. ‘आंदेस’ या कुस्कोच्या संस्थेने त्यांना साथ दिली. मुळात जमीन हातात असणं हीच त्यांच्यासाठी नवी गोष्ट आहे. 1969 च्या जमीन सुधारणेआधी त्या भागात मोठमोठे जमीनदार होते आणि केचुआ माणूस त्यांच्या शेतावर राबायचा.

2004 मध्ये तिथल्या सहा गावांनी आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार केला. आधीच्या दशकांत गोळा होऊन बँकेत गेलेल्या, पण गावांतून नाहीशा झालेल्या जाती परत मागितल्या. त्यानुसार 410 जाती विषाणुमुक्त करून परत आल्या आणि पुन्हा शेतात लागल्या. आज त्या शिवारात तेराशेच्या वर जाती असल्याचं सांगतात. (हा आकडा नावांवरून येतो. एकाच बटाट्याला दोन गावांत दोन नावं असतात, म्हणून जातींचे आकडे थोडे सैल धरावेत.) तेव्हा बँक नको असं मी अजिबात म्हणत नाही. बँक नसती तर त्या 410 जाती परत आल्याच नसत्या. पण परत घ्यायला, लावायला आणि ओळखायला गाव शिल्लक होतं, म्हणूनच त्या देण्याला अर्थ आला. हा करार मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी की आधी बियाणं फक्त डोंगरातून बाहेर जात होतं आणि परतीची वाट नव्हती.

तुमच्या ‘हट्ट’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं. हे लोक बाजाराला नाकारून बसलेले नाहीत. अनेक घरं ‘युंगाय’ किंवा ‘कांचान’ या सुधारित जाती विक्रीसाठी लावतात आणि देशी बटाटे घरी खायला, नात्यात द्यायला, खालच्या खोऱ्यातल्या मक्याशी अदलाबदल करायला ठेवतात. जांभळ्या बटाट्याचे वेफर्स लिमाच्या दुकानांत दिसतात, त्यातून थोडा पैसा येतो. त्यावर माझा पूर्ण भरवसा मात्र नाही. बाजार देशी बटाटा मागतो तेव्हाही त्याला रंग छान, आकार एकसारखा अशा चार-पाच जातीच हव्या असतात. गाठाळ, कडू, उशिरा येणाऱ्या जातींना गिऱ्हाईक नसतं, आणि बहुतेक विविधता त्यांच्यातच आहे. हे राखणारे लोक श्रीमंतही नाहीत. वांकावेलिकासारख्या भागांत काही कुटुंबं पन्नासहून जास्त जाती सांभाळतात आणि त्याच भागात मुलांचं कुपोषण पेरूत सर्वांत जास्त असलेल्या ठिकाणांपैकी आहे. सगळ्या जगासाठी वारसा सांभाळायचा आणि त्याचा खर्च एकट्या डोंगरातल्या घराने सोसायचा, हे मला मान्य नाही. मध्य पेरूतल्या बटाटा राखणाऱ्या शेतकऱ्यांनी 2014 साली आपली संघटना काढली, ‘आग्वापान’. राखण्याच्या कामाचा मोबदला मिळाला पाहिजे ही त्यांची मागणी मला शंभर टक्के रास्त वाटते.

सर्वांत मोठी काळजी उष्णतेची आहे. हवा तापते तशी कीड आणि करपा वर सरकतो. तो करपा फायटॉफ्थोरा या बुरशीसारख्या जीवामुळे होतो, आणि त्यानेच 1845 पासून आयर्लंडमध्ये एकाच ‘लंपर’ जातीवर विसंबलेल्या देशातली सुमारे दहा लाख माणसं मारली. त्याच्या आधी निसटायला शेतकरी बटाटा आणखी वर नेतात. पूर्वी जिथे देशी जाती यायच्या, तिथे आज त्या धड येत नाहीत. पण वर जायला हद्द आहे. माथ्याजवळ माती पातळ होत जाते, मग खडक आणि मग काही नाही. पिसाकच्या वरच्या गावांत म्हणून वेगवेगळ्या उंचीवर एकाच वेळी जाती लावून बघतात, कोणती कुठे तग धरते याची नोंद गावातलेच जाणते ठेवतात आणि निवड स्वतः करतात. जंगली नातेवाईक बांधावर उगवतात, त्यांचा परागही शेतात येतो. बँकेत हे होऊ शकत नाही, कारण तिथे कुठली जात बदलत्या हवेला भेटतच नाही.

आपल्यापुरतं सांगायचं तर आपण लावतो तो प्रत्येक बटाटा याच डोंगरांतून किंवा चिलीच्या किनाऱ्यावरून निघालेल्या वंशाचा आहे, 1968 मध्ये आलेल्या कुफ्री ज्योती या भारतीय जातीपर्यंत. 2025 मध्ये केंद्र सरकारने लिमाच्या त्याच संस्थेचं दक्षिण आशिया केंद्र आग्र्याला उभारायला मंजुरी दिली. तिथून येणारं बेणं उद्या सातगाव पठारावरही लागू शकेल, आणि मला त्याचा आनंदच आहे.

कायद्याच्या बाजूने पेरूत काय चाललं आहे ते सांगून थांबते. कुस्को प्रांताने 2007 मध्ये जनुक-बदल केलेल्या पिकांना बंदी घातली आणि ती मागणाऱ्यांत बटाटा उद्यानाची गावं पुढे होती. 2011 मध्ये देशभर अशा पिकांच्या लागवडीला दहा वर्षांची स्थगिती मिळाली. नंतर तिची मुदत 2035 च्या अखेरपर्यंत वाढवली गेली. त्या वेळी पुढचा निर्णय लिमाच्या संसदेत होईल. गावांची मागणी आहे की आपल्या बटाट्यांबद्दल ठरवताना आपल्यालाही विचारलं जावं.