जबाबदारी ठेकेदाराची, जागा तुमची

प्रश्न : आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. शेडचे जुने सिमेंटचे पत्रे बदलायचं काम ठेकेदाराला दिलंय. माणसं त्याची, हत्यारं त्याची. ‘अपघात झाल्यास सर्व जबाबदारी ठेकेदाराची राहील’ असं करारात लिहूनही घेतलंय. माझे मेहुणे म्हणतात, आता त्यांच्या कामात लक्ष घालू नकोस, घातलंस तर उलट तूच अडकशील. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. त्या एका ओळीने फार तर भरपाईचे पैसे कोणी द्यायचे हे ठरेल. उद्या कोणी पत्र्यातून खाली आला, तर ‘पत्रे कच्चे आहेत हे त्याला सांगितलं होतं का’ असं तुम्हालाच विचारलं जाईल, कारण शेड तुमची आहे. कायद्याची कलमं देशागणिक बदलतात, पण पाया सारखाच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ सालचा १५५ क्रमांकाचा करार सांगतो की एकाच जागेवर दोन आस्थापना एकाच वेळी काम करत असतील, तर सुरक्षेच्या बाबतीत त्यांनी एकमेकांना सहकार्य केलं पाहिजे. बांधकामासाठीचा १९८८ चा १६७ क्रमांकाचा करार आणखी पुढे जातो. सुरक्षेच्या उपायांचा मेळ घालायची जबाबदारी तो मुख्य ठेकेदारावर किंवा जागेचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्यावर टाकतो.

मेहुण्यांच्या बोलण्यात एवढंच खरं आहे की पाना कसा धरायचा हे ठेकेदाराच्या माणसाला तुम्ही शिकवत बसू नये. ते त्याच्या मुकादमाचं काम. पण या शेडबद्दल काही गोष्टी फक्त तुम्हाला माहीत आहेत, आणि त्या सांगणं तुमचंच काम आहे. पत्रे किती जुने आहेत? मागे कुठे तडा गेला होता आणि वरून नुसतं डांबर फासलं होतं? उजेडासाठी टाकलेले पारदर्शक पत्रे कुठे आहेत? हे शेवटचं फार महत्त्वाचं. धूळ बसून किंवा रंग लागून ते वरून बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसतात आणि माणूस बिनधास्त पाय ठेवतो. खालून पाहिलं तर उजेडामुळे ते लगेच ओळखू येतात. आज संध्याकाळी शेडमध्ये उभे राहा, वर बघत एका कागदावर त्यांच्या खुणा करा आणि तो कागद ठेकेदाराच्या हातात द्या. छतालगत विजेची तार असेल, क्रेनचा रूळ असेल, तर तेही दाखवा. क्रेन बंद करून तिच्या स्विचला कुलूप लावायचं कोणी, हे आधीच ठरवा.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. काम सुरू करण्याआधी तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. असेल तर पत्रा फोडायचा नाही, करवतीने कापायचा नाही. ओला करून अख्खा उतरवायचा आणि गुंडाळून ठेवायचा. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की आजार कित्येक वर्षांनी, कधी कधी दोन-तीन दशकांनी दिसतो. शिवाय ते तंतू ठेकेदाराचा कामगार कोण आणि तुमचा कोण हे बघत नाहीत. खाली लेथवर उभा असलेला तुमचा माणूसही तीच हवा घेतो.

आता ठेकेदाराला विचारायचे प्रश्न. ‘आमची पोरं बोल्टच्या रेषेवरून चालतात, काही होत नाही’ असं उत्तर आलं तर काम सुरू करू देऊ नका. बोल्टखाली पर्लिन, म्हणजे पत्र्यांना आधार देणारा आडवा वासा, असतो हे खरं, पण तोल जायला एक पाऊल पुरतं. माणसं वर उचलणाऱ्या यांत्रिक लिफ्टच्या पाळण्यात उभं राहून खालूनच काम होत असेल तर ते सर्वांत चांगलं. वर चढणं टळतच नसेल तर आधारावर नीट टेकलेल्या फळ्या हव्यात आणि खाली जाळी हवी. ‘सगळ्यांना सेफ्टी बेल्ट देतो’ एवढ्यावर समाधान मानू नका, हिशोब मागा. दोर १.८ मीटर, पडताना धक्का सोसणारा दोरावरचा शॉक अॅब्सॉर्बर उघडतो तो एक ते पावणेदोन मीटर, पाठीच्या कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर, शिवाय एक मीटर राखीव. दोर पायाच्या पातळीवर अडकवला, तर खाली पाच ते सहा मीटर मोकळी जागा लागते. शेड साडेचार मीटरची असेल तर बेल्ट घातलेला माणूसही जमिनीवर आदळू शकतो.

जाळी आणि फळ्यांचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहून मागा. सर्वांत कमी दर देणाऱ्याने आधी काय कापलेलं असतं, ते मी सेफ्टी ऑफिसर म्हणून पुरेपूर पाहिलं आहे. मी ठेकेदाराच्या सुपरवायझरला सहीसाठी ऑफिसात बसवण्याआधी सगळीकडे फिरवत असे, कारण कागद वाचताना न सुचणारे प्रश्न जागेवर सुचतात. काम चालू असताना त्याच्या खालची जागा रिकामी ठेवा. आणि फळीशिवाय कोणी पत्र्यावर दिसला तर काम थांबवा. बघूनही गप्प राहिलात, तर ठेकेदाराशी केलेला तो करार तुम्हाला वाचवणार नाही.

प्रश्न : मी टाक्या साफ करायची कामं घेतो. एका कंपनीत साहेब म्हणतात, टाकी सहा महिने रिकामी आहे, झाकण उघडा आणि उतरा. परमिट, म्हणजे आत उतरायची लेखी परवानगी, गेटवरच सही करून मिळतं. आग्रह धरला तर काम हातचं जाईल अशी भीती वाटते.

उत्तर : उतरू नका, कोणालाही उतरवू नका. बंद लोखंडी टाकी गंजत असते आणि गंज आतला ऑक्सिजन खातो. हवेत तो २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला तर आत जायचं नाही. १० च्या खाली माणूस हाक मारायच्या आत कोसळू शकतो. तळाशी गाळ असेल तर तो ढवळल्यावर हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो. म्हणून मीटरने वर, मध्ये आणि तळाशी तपासा आणि काम संपेपर्यंत मीटर चालू ठेवा. बाहेरच्या माणसाने काहीही झालं तरी आत शिरायचं नाही. आतल्याला हार्नेसने वर ओढता येईल अशी तिपाई आणि विंच आधीच लावून ठेवा. अशा जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात, असं अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं होतं.

गेटवर सही झालेलं परमिट म्हणजे टाकी न पाहता केलेली सही. परमिट नुसतं कागदावर राहिलं की काय होतं ते बघा. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर १६७ माणसं गेली. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढला होता आणि ते काम बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसांकडे होतं. व्हॉल्व्ह जागेवर नाही ही गोष्ट रात्रपाळीला कळलीच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच सुरू केला आणि वायू सुटला.

तेव्हा साहेबांना टाकीपाशी बोलवा. आत शेवटचं काय होतं ते लिहून घ्या. येणाऱ्या प्रत्येक पाइपला ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी चकती, टाकून घ्या, टाकीतला माल ढवळणाऱ्या स्टररच्या स्विचला तुमचं कुलूप लावा आणि चावी तुमच्या मुकादमाच्या खिशात राहू द्या. तुमच्या पोरांचे मालक तुम्ही आहात. ‘साहेबांनी सांगितलं’ हे उत्तर त्यांच्या घरी देता येणार नाही. काम गेलं तर जाऊ द्या.

प्रश्न : माझे पती ठेकेदाराकडे वेल्डर आहेत. बूट, चष्मा आणि हातमोज्यांचे पैसे पगारातून कापतात. विचारलं तर ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतात.

उत्तर : ताई, ही कपात चुकीची आहे. सुरक्षेच्या उपायांचा कोणताही खर्च कामगारावर पडता कामा नये, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १५५ क्रमांकाच्या करारातच लिहिलं आहे. २०२२ मध्ये तर याच संघटनेने सुरक्षित कामाची जागा हे श्रमाच्या मूलभूत तत्त्वांपैकी एक मानलं. कपात दिसणाऱ्या पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. पतींनी एकट्याने भांडू नये. चार-पाच वेल्डरांनी मिळून अर्ज लिहावा आणि तो ठेकेदारासोबत ज्या कंपनीत काम चालतं तिच्या सेफ्टी ऑफिसरलाही द्यावा. पोच घ्यायला विसरू नका. कंपनीला कळलं नव्हतं असं मग म्हणता येत नाही. तोवर वेल्डिंगच्या काचेचा नंबर (ती किती गडद आहे तो) बरोबर आहे ना, एवढं मात्र त्यांना आजच बघायला सांगा.