एकच बिझनेस क्लासची सीट मिळतेय, आईला देऊ का?

तुम्ही विचारलंय की आईवडील खारघरहून पहिल्यांदाच बॉस्टनला येतायत, लंडनला विमान बदलायचंय, आणि तुमच्या पॉइंट्समध्ये लंडन ते बॉस्टन एवढ्याच टप्प्याला एकच सीट बिझनेसला अपग्रेड होतेय, तर ती आईला देऊ का. माझ्या आधी तिघाचौघांनी उत्तरं दिलीयत, लाउंज कसं, शॅम्पेन कुठली वगैरे. त्यातल्या एकालाही नणंद असावी असं वाटत नाही. म्हणून मी लिहितेय.

आधी सरळ सांगून टाकते. त्या टप्प्याला घेऊ नका. लंडनहून अमेरिकेकडे जाणारी बहुतेक विमानं दिवसाउजेडी निघतात, सात-साडेसात तास उन्हाच्या मागे मागे जातात आणि तिकडे दुपारी नाहीतर संध्याकाळी उतरतात. भर दुपारी आडवं पडून तुमची आई करणार काय? मुंबई-लंडन नऊ-दहा तासांचं, आणि ते रात्री-पहाटेचं असेल तर पाठ टेकायला मिळाल्याचा खरा उपयोग तिथे. पॉइंट्स तिकडे वळवता आले तर बघा. येतानाचं बॉस्टन-लंडन रात्रीचं असतं म्हणून लोकांना वाटतं तिथे घ्यावं, पण ते विमान फार लवकर पोचतं हो. वारा पाठीशी असतो, जेट स्ट्रीम. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर न्यूयॉर्कहून लंडनला एक जंबो चार तास छप्पन मिनिटांत पोचलं होतं. एरवी आपल्याला बॉस्टनहून सहा-सव्वासहा तास लागतात, त्यातला दीड तास जेवणात, आणि उतरायच्या तास-सव्वातास आधी दिवे लावून नाश्ता. राहिले साडेतीन तास. त्या साडेतीन तासांच्या झोपेवरून मी सात-आठ वर्षं ऐकतेय, आणि ती झोपसुद्धा मला लागली नव्हती.

२०१८ ची गोष्ट. लेकीचं बाळंतपण आटपून साडेपाच महिन्यांनी आम्ही दोघं ऑक्टोबरात ठाण्याला परत निघालो होतो. जावई कामानिमित्त सारखे विमानात, त्यांचे माइल्स साठलेले, त्यात बॉस्टन-लंडनची एक सीट पुढे होत होती. एकच. माझा उजवा गुडघा २०१६ ला बदललेला, तरी मी म्हटलं ह्यांना द्या, हे वयाने मोठे. तर हेच म्हणाले, "तूच बस, मला काय, मी कुठेही झोपतो." हे त्यांचे शब्द, लेकीच्या स्वयंपाकघरात, लेक आणि जावई दोघांच्या समोर. साक्षीदार अमेरिकेत राहिले आणि आरोपी ठाण्यात आली, तिथेच सगळं बिघडलं.

आता ती सीट. मला वाटलेलं मोठा सोफा असेल. तर तिथे एक सीट पुढे तोंड करून आणि शेजारची मागे तोंड करून, अशा जोड्या. माझी खिडकीची, उलट्या तोंडाची. म्हणजे विमान सुटताना मी मागे बघतेय आणि समोर दोन फुटांवर एक गोरे आजोबा माझ्याकडे तोंड करून. मध्ये एक पडदा असतो पण विमान वर जाईपर्यंत तो खाली ठेवायला लावतात. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही दोघं एकमेकांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात असतं ना अगदी तसं.

मग जेवण. लेकीने तिकिटावर दोघांसाठी हिंदू मील टाकलेलं. पोरीला वाटलं हिंदू म्हणजे शाकाहारी. हिंदू मीलमध्ये चिकन-मटण असू शकतं, गोमांस नसतं. माझ्यापुढे पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर, खऱ्या काचेच्या ग्लासाशेजारी, चिकन. मी ब्रेड, लोणी, सॅलड आणि दोन चॉकलेटं खाल्ली. तुम्ही आईसाठी एशियन व्हेजिटेरियन टाका, एव्हीएमएल असा कोड असतो, आणि निदान दोन दिवस आधी टाका. पुढे बसलं म्हणून काही आयत्या वेळी कुकर लावत नाहीत.

जेवण झालं, दिवे मालवले, मी बटणं दाबून दाबून कशीबशी सीट आडवी केली (पहिल्यांदा नुसतेच पाय वर गेले), अंगावर पांघरूण घेतलं आणि डोळे मिटले तेव्हा आठवलं की ह्यांची बीपीची गोळी माझ्या पर्समध्ये. रोज रात्री नऊची गोळी, आणि दहा वाजून गेलेले.

खिडकीच्या सीटची गंमत अशी की शेजाऱ्याने सीट आडवी केली की त्याचे पाय तुमच्या वाटेत. बाहेर पडायचं तर ओलांडून जायचं. मी, वय एकसष्ट, एक गुडघा धातूचा, पंजाबी ड्रेसची ओढणी गळ्याभोवती गुंडाळून त्या झोपलेल्या आजोबांच्या नडग्या अंधारात ओलांडल्या. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारताना इतकी देवाची आठवण काढली नव्हती. मग एक पडदा, मग मधला तो थोडा रुंद खुर्च्यांचा वर्ग, मग अजून एक पडदा, आणि मग इकॉनॉमी, अंधारात माणसंच माणसं, सगळ्यांच्या माना एका बाजूला पडलेल्या, कसाऱ्याच्या शेवटच्या गाडीसारखं. मी एकेक खुर्चीची पाठ धरत धरत रांगा मोजत गेले.

एक्केचाळिसाव्या रांगेत आमचे हे. तिघांच्या रांगेत मधली सीट रिकामी, मधला हात वर केलेला, दोन्ही सीटवर मिळून मुटकुळं करून झोपलेले, माझी लोकरीची शाल (ती कधी घेतली कोण जाणे) डोक्यावरून, आणि घोरणं असं की खिडकीजवळच्या मुलीने कानात बोळे घातलेले. टॉयलेट तिथून बरंच मागे. हे पुढे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

मी हलवलं. तर म्हणतात, "काय गं, पोचलो का?"

गोळी घेतली, माझ्या हातातली पाण्याची बाटली संपवली, "तुला नीट बसायला मिळालंय ना" असं विचारलं आणि मी काही बोलायच्या आत परत घोरायला लागले. मी आले तशी परत गेले, परत नडग्या ओलांडल्या, या वेळी माझा पाय लागला आणि आजोबा जागे झाले आणि उलट तेच मला सॉरी म्हणाले. त्यानंतर लंडनपर्यंत मी टक्क जागी. छताकडे बघत. चादर छान होती, ते मान्य करते.

लंडन ते मुंबईचे नऊ तास आम्ही दोघं इकॉनॉमीत शेजारी शेजारी बसून आलो. माझा गुडघा मुंबईला नारळाएवढा झालेला. हा भाग गोष्टीत कधीच येत नाही.

कारण गोष्ट सांगितली कुणी? नौपाड्याला घरी आलो, चौथ्या दिवशी वन्सं डोंबिवलीहून भेटायला आल्या, मी आत चहा टाकतेय आणि बाहेरून ऐकू येतंय, "मी बापडा मागे टॉयलेटपाशी, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि ही पुढे राणीसारखी." गंमत म्हणून हो. ह्यांना गंमत करायची सवयच आहे. पण वन्संनी ती गंमत घरी नेली, वाढवली, आणि तेव्हापासून ती प्रत्येक कार्याला येते. मंगळागौरीला आली. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला जेवणाच्या पंगतीत आली. एकदा गडकरीला नाटकाच्या मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत, ओळख नसलेल्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "आमच्या वहिनी. ह्या विमानात पुढे पसरल्या होत्या आणि आमचा दादा मागे अवघडून बसला होता." आणि हे शेजारी उभे राहून हसतात! एकदा तरी म्हणावं की नाही गं, मी झोपलो होतो. माझा राग वन्संवर कमी आणि त्या हसण्यावर जास्त आहे, हे आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय.

आणि मला सांगा, वर्ग वेगळे करून प्रवास ही काय ठाणे-डोंबिवलीला नवीन गोष्ट आहे? वन्संचे मिस्टर कंपनीच्या खर्चाने फर्स्टचा पास काढून दादरला जायचे, आणि वन्सं त्याच गाडीला लेडीज सेकंडला, दोन्ही बाळंतपणांत सातव्या महिन्यापर्यंत, उभ्याने. वीस वर्षं. तेव्हा आमच्यापैकी कुणी पंगतीत म्हटलं का की आमच्या ताई मागे लटकतायत आणि ते पुढे पेपर वाचतायत? नाही. पास कंपनीचा, त्यांना मिळतो, ते बसतात, विषय संपला. तोच न्याय जावयाच्या माइल्सना का नाही? पुरुष पुढे बसला की त्याला सोय म्हणतात आणि बाई पुढे बसली की ती पसरते. हे मी वन्संना तोंडावर कधी बोललेले नाही. सातव्या महिन्यात त्या उभ्या राहायच्या त्याचं मलाच वाईट वाटतं म्हणून.

तर तुमचं. एकच सीट असेल आणि घ्यायचीच असेल तर वडिलांना बसवा. गुडघा कुणाचाही दुखत असो. वडील पुढे बसले तर कुणी काही बोलणार नाही, आईला मागे खिडकी मिळेल, शेजारी कुणीतरी गुजराती काकू थेपले काढतील, मजेत येईल. आईला पुढे बसवाल तर सीट सात तासांची आणि टोमणे जन्माचे.

बरं, हे जरा रागात लिहिलं गेलं. आईला खरंच पायाचा, पाठीचा त्रास असेल तर आईलाच द्या, आणि घरातल्या सगळ्यांसमोर, शक्यतो फॅमिली ग्रुपवर लेखी, वडिलांकडून वदवून घ्या की ही त्यांची इच्छा आहे. मी थट्टा करत नाहीये.

बाकी कामाचं म्हणाल तर सीट मॅप बघितल्याशिवाय पॉइंट्स खर्च करू नका. एक-दोन-एक अशी मांडणी असेल तर प्रत्येकाला सरळ वाट मिळते, कुणाला ओलांडावं लागत नाही. माझ्यासारखं जोड्यांचं किंवा दोन-दोन-दोन असेल तर वाटेकडचीच सीट घ्या. दोघांचं तिकीट एकत्र असेल आणि एकालाच अपग्रेड केलं तर बऱ्याचदा पीएनआर वेगळे होतात, मग लंडनला विमान चुकलं तर दोघांना वेगवेगळ्या विमानात घालायची शक्यता, पहिल्यांदा जाणाऱ्या माणसांना हे परवडणारं नाही, आधी फोन करून विचारा. औषधं आपापल्या पर्समध्ये. हे तर लिहायला नको. व्हीलचेअर तिकिटाच्या वर्गावर नसते, इकॉनॉमीलाही फुकट मिळते, दोघांसाठी आधीच मागून ठेवा. लंडनला चालण्याचं अंतर बघाल तर कळेल मी का म्हणतेय.

आणि पायात रक्ताच्या गाठी होतात म्हणून बिझनेसच घ्या असं ज्यांनी वर लिहिलंय त्यांना सांगते, जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली अभ्यास मांडला होता, चार तासांहून जास्त प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, पण होऊन होऊन सहा हजारांत एकाला, आणि कारण पाय न हलवता बसून राहणं हे आहे. ते पुढे बसूनही होतं. बस आणि ट्रेनमध्येसुद्धा होतं. पाणी प्यायचं, दर तासाला उठायचं, आधी गाठ झालेली असेल तर डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे. त्या रात्री विमानात सगळ्यात जास्त चाललेली बाई मीच असणार, तेवढा एक फायदा.

रोख पैसे भरून घ्यायचा विचार असेल तर तिप्पट-चौपट भाव असतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसच्या तिकिटावर जीएसटी १२ चा १८ टक्के झालाय, इकॉनॉमीला ५ च आहे. त्या पैशात लेक एकदा इकडे येऊन जाईल.

एकाने खाली विचारलंय की पुढच्या सीटवर जो छोटा पाउच मिळतो त्यात काय असतं. मोजे, डोळ्यांची पट्टी, कानातले बोळे, टूथब्रश, ओठांचं क्रीम. मी त्यातलं काहीच वापरलं नाही, तसाच सीलबंद आणून वन्संना भेट दिला. त्यांना तो फार आवडला. त्यात त्या सुपारी आणि लवंगा ठेवतात, सगळीकडे बरोबर नेतात, आणि माझी विमानाची गोष्ट सांगायला घेतली की आधी त्याची चेन उघडून समोरच्याला सुपारी देतात.