खोगीरभरती नको, मांड पक्की करा

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही दोघं नवरा-बायको जुलैत किर्गिझस्तानला जायचा विचार करून राहिलोय, कोचकोरहून सोनकुल सरोवरापर्यंत तीन-चार दिवस घोड्यावरून. मी ५२, ही ४९. अनुभव म्हणाल तर लग्नाच्या वरातीत अर्धा तास आणि एकदा माथेरान. वजन ९३ किलो. हातात दोन महिने आहेत, कुठून सुरुवात करू?
(एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर: दादा, वरात मोजू नका, तेव्हा लगाम दुसऱ्याच्या हातात होता. माथेरानचंही तेच, घोडेवाला पुढे चालत असतो. इथे दिवसाला पाच-सहा तास तुम्ही आणि घोडा, बस्स.

सगळ्यात आधी वजन. तिकडचे घोडे बुटके, काटक, साधारण ३५०-४०० किलोचे, आणि घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं त्याच्यावर टाकू नये असा सर्वसाधारण हिशोब आहे, त्यात खोगीरही आलं. तरी सफर नेणारे बरेच जण स्वाराला ९०-१०० किलोची मर्यादा घालतात. म्हणून बुकिंग करताना खरं वजन सांगा, आजचं, कॉलेजातलं नाही. खरं सांगितलं तर ते दणकट घोडा बाजूला काढून ठेवतात, लपवलं तर जो उरेल तो मिळतो आणि मग चढावर तो बिचारा धापा टाकतो आणि तुम्हाला वरती बसून अपराधी वाटत राहतं. दोन महिन्यांत चार-पाच किलो उतरवता आले तर उत्तमच, सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या फेऱ्या तेवढ्या कमी करा.

मग मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक. लोक घोडा पळवायला शिकायच्या मागे लागतात, पण या ट्रिपमध्ये पळवायचं फारसं नसतंच, बसायचं असतं, तासन्‌तास. दुखतात मांड्यांच्या आतल्या बाजू, कंबर आणि गुडघे. म्हणून भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसायचा व्यायाम रोज करा, अर्ध्या मिनिटापासून सुरू करून दोन मिनिटांपर्यंत न्या. आठवड्यातून दोनदा राळामंडल नाहीतर जानापाव चढा, पण लक्ष उतरण्यावर ठेवा, कारण तिकडे उतार खडा आला की खाली उतरून घोड्याला हातात धरून चालवत न्यावं लागतं आणि तेव्हा गुडघे बोलतात. असं चालताना लगाम हाताला गुंडाळू नका, कधीच नाही. घोडा बिथरला तर हातासकट ओढून नेतो.

राइडिंगचे आठ-दहा क्लास तरी घ्याच, दोघांनीही. शिकवणाऱ्याला स्पष्ट सांगा की मला स्पर्धेत उतरायचं नाहीये, मला डाव्या बाजूने नीट चढणं-उतरणं, थांबवणं, दुडकी चालीत रिकिबीवर (पाय ठेवायच्या कडीवर) उठ-बस करणं आणि तंग (खोगीर पोटाखालून आवळणारा पट्टा) तपासणं एवढंच पक्कं करून द्या. तंगाचं विशेष सांगते. तंग कसताना बरेच घोडे पोट फुगवतात, लबाड असतात, आणि दहा मिनिटं चालले की श्वास सोडतात, मग तोच पट्टा ढिला होतो आणि तुम्ही खोगिरासकट एका बाजूला कलता. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी थांबून पट्ट्याखाली बोटं घालून बघायची. रिकिबीची लांबी बघायलाही सोपी युक्ती आहे: बोटांची टोकं रिकीब जिथे अडकवलेली असते तिथे टेकवा आणि रिकीब हाताखाली ओढा, ती बगलेपर्यंत आली की बरोबर. गुडघे कुरकुरायला लागले तर एक भोक लांब करा.

कपड्यांचं मी स्वतः भोगलंय. पहिल्या सफरीत जीन्स घालून गेले, आतली शिवण मांडीला अशी काही घासली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तंबूबाहेर उभ्यानेच जेवले. ज्यांच्याकडे बुकिंग केलं होतं त्यांनी सामानाच्या यादीत नुसतं ‘आरामदायक पँट’ लिहिलं होतं. तर आत सायकलवाल्यांची पॅड असलेली चड्डी, वर आतून शिवण नसलेली घट्ट टाइट्स, आणि सकाळी निघण्याआधीच व्हॅसलिन, चट्टा उठल्यावर नाही. बुटाला थोडी टाच हवी म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही, आणि खोल खाचांचे जाडजूड ट्रेकिंग बूट नकोत, ते रिकिबीत अडकतात. फडफडणारा पोंचो तर मुळीच नेऊ नका, वाऱ्यात तो उडाला की घोडा बुजतो. अंगाबरोबर बसणारं रेनकोट-जॅकेट घ्या.

सोनकुल ३०१६ मीटरवर आहे आणि आपलं इंदूर साडेपाचशेच्या आसपास. राजधानी बिश्केक ८००, कोचकोर १८०० च्या घरात. त्यामुळे गाडीने थेट वर नेऊन सोडणारा प्लॅन नाकारा, मधे एक-दोन रात्री खालच्या मुक्कामी काढणारा घ्या. पहिल्या रात्री डोकं दुखणं, झोप न लागणं चालतं, पण उलट्या, तोल जाणं, बसल्या जागी धाप असं काही झालं तर खाली उतरायचं, तिथे हट्ट नको. डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) आधीच डॉक्टरांना विचारा आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. जुलैतही रात्री पाणी गोठू शकतं, कधी बर्फही पडतं, तेव्हा उबदार थर न्या. बाकी सामान दोन खुरजीत, म्हणजे घोड्यावरच्या पिशव्यांत, मावेल एवढंच, त्याला तिकडे कुरजुन म्हणतात. खोगीरभरती केलीत तर ती शब्दशः घोड्याच्याच पाठीवर जाते.

विमा काढताना घोडेस्वारी आणि ३००० मीटरच्या वरची उंची दोन्ही धरलेत ना, ते लेखी घ्या. रोख रक्कम बिश्केकलाच काढा.

प्रश्न: आम्ही पक्के शाकाहारी, तिथे उपाशी राहू का? घोडीचं दूध पितात म्हणे?
(लोकमान्य नगरहून)

उत्तर: उपाशी नाही राहणार, पण कंटाळाल. नान, जॅम, ताजी साय (कायमाक), उकडलेले बटाटे, काकडी-टोमॅटो आणि चहा, हे फिरून फिरून. आधी कळवा, आणि ‘मांस नको’ एवढंच सांगू नका, रस्साही नको म्हणून सांगा, नाहीतर तुकडे काढून तेच सूप समोर येतं. आपल्याकडून जिरावण (पोह्यांवर भुरभुरतो तो मसाला) न्या. उकडलेल्या बटाट्यावर जिरावण म्हणजे छप्पन दुकानाची आठवण येऊन डोळे भरतात. मेतकूट, सातूचं पीठ, दाण्याची कोरडी चटणी आणि गरम पाण्यात भिजणारे पातळ पोहे पण असू द्या.

घोडीचं आंबवलेलं दूध म्हणजे किमिझ. आंबट ताकासारखं, थोडं फसफसणारं, थोडी नशाही असते. पाहुण्याला प्रेमाने देतात. नको असेल तर हात छातीवर ठेवून हसून नाही म्हणा, घ्यायचं असेल तर दोन घोट बस, सवय नसलेलं पोट दुसऱ्या दिवशी खोगिरावर बदला घेतं. आणि नान पालथा ठेवू नका, तिथे ते अपमानाचं समजतात.

प्रश्न: ताई, मैत्रिणींबरोबर जायचंय. पिरियड्स आले तर काय करायचं? आणि घोड्यावरून पडले तर? आई याच एका गोष्टीवर अडून बसलीये.
(२३ वर्षं, सुदामा नगर)

उत्तर: पिरियड्समध्ये स्वारी करता येते, दुखत असेल तर गाइडला सांगून दिवस लहान करून घे. पॅड दीडपट ने, झिपची पिशवी ने, कारण वापरलेलं सगळं परत आणायचंय. संडास म्हणजे युर्टपासून (राहायचा गोल तंबू) लांब खड्ड्यावर लाकडी खोकं, दिवा नाही, तेव्हा हेडलॅम्प लागेलच. आणि चांगली स्पोर्ट्स ब्रा, हे कुणी सांगत नाही, दुडकीत कळतं.

पडण्याचं म्हणशील तर आईला हेल्मेट दाखव. घोडेस्वारीचंच घे, सायकलचं नको, आणि इथूनच ने, तिकडे तुझ्या मापाचं मिळेलच असं नाही. क्लासला पहिल्याच आठवड्यात दोन्ही पाय रिकिबीतून एकदम काढून खाली उडी मारायचा सराव कर, थांबलेल्या घोड्यावरून आधी, मग चालत्या. वीस-पंचवीस वेळा. एकदा आईला बघायला घेऊन जा.