यादीत नसलेलं कसं सापडणार?

या वेळी पत्रं पाणी, शेती आणि आजार या तिन्हींबद्दल आली आहेत. मी तीसेक वर्षं माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आणि प्रायोगिक प्लॉटच्या चिखलात काढली, म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, त्याबद्दल आधीच माफी मागते.

प्रश्न : आम्ही बोअरचं पाणी तपासून घेतलं. अहवालात ‘पिण्यास योग्य’ असा शेरा आहे. तरी आमचे डॉक्टर म्हणतात, एकदा धातूंसाठी तपासून घ्या. योग्य ठरलेलं पाणी पुन्हा का तपासायचं? – एक गृहिणी

अहवाल पुन्हा काढा आणि शेरा सोडून वरचा तक्ता वाचा. सामू (पीएच), कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, लोह, फार तर फ्लोराइड आणि जिवाणू एवढंच त्यात असेल, तर ‘पिण्यास योग्य’चा अर्थ तेवढ्या बाबींपुरताच. आर्सेनिक किंवा शिसं तपासलंच नसेल, तर अहवाल त्याबद्दल ‘नाही’ म्हणत नाही, तो गप्प बसलेला असतो. आपण मात्र त्या गप्प बसण्याला होकार समजतो.

या एका गैरसमजाची किंमत बांगलादेशाने मोजली. तिथे तळ्या-ओढ्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबाने दगावत. म्हणून १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने गावोगाव हातपंप बसवायला सुरुवात झाली आणि पुढे लोकांनीच स्वतःच्या पैशाने लाखो पंप घातले. जंतूंच्या हिशेबाने ते पाणी खरोखर चांगलं होतं. आर्सेनिक नेहमीच्या चाचण्यांत नव्हतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधल्या रुग्णांचं निदान केलं : अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे डाग, तळहात-तळपायांवर कठीण, खरखरीत पुटकुळ्या. म्हणजे पाण्यातलं विष आधी दिसलं ते दवाखान्यात, प्रयोगशाळेत नव्हे. बांगलादेशातल्या विहिरींत ते सापडायला १९९३ उजाडलं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात ॲलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी ३.५ ते ७.७ कोटी लोकांना धोका असल्याचं लिहिलं आणि एखाद्या लोकसमूहाला झालेली ही इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा आहे, असं म्हटलं.

कुठल्या कारखान्याने हे पाण्यात सोडलं नव्हतं. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाच्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं असतं. जमिनीखाली प्राणवायू संपला, की सूक्ष्मजीव तो गंज विरघळवतात आणि आर्सेनिक मोकळं होऊन पाण्यात उतरतं. गाळाचे थर जागोजागी वेगळे असल्यामुळे एक पंप विषारी आणि हाकेच्या अंतरावरचा दुसरा स्वच्छ असं होतं. म्हणून तिथे सुमारे ५० लाख पंप एकेक करून तपासले, विषारी पंपांची तोंडं लाल रंगवली आणि चांगल्यांची हिरवी. मला या सगळ्या कामात तो रंगाचा डबाच सर्वांत हुशार वाटतो. बाईला अहवाल वाचायची गरज नाही, कळशी कुठे लावायची ते लांबूनच कळतं.

आता माझीच एक फजिती सांगते, कारण तुम्ही नमुना द्याल तेव्हा ती उपयोगी पडेल. मी नवखी होते. लोहाचं प्रमाण जास्त असलेल्या भागातून पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या, पण त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे राहून गेले. दोन दिवसांनी वरचं नितळ पाणी काढून चाचणी लावली. आर्सेनिक जवळजवळ शून्य. मी खुशीत आकडे लिहून घेत होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनीस काकांनी एक बाटली उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, “बाई, हे खाली काय बसलंय?” तळाला विटकरी रंगाचा पातळ थर होता. हवा लागून लोहाचा गंज झाला होता, आणि आर्सेनिक त्याला चिकटून तळाशी गेलं होतं. सगळ्या बाटल्या पुन्हा भरून आणाव्या लागल्या.

तेव्हा तुम्ही असं करा. कोणत्या धातूची चाचणी हवी ते प्रयोगशाळेला लेखी सांगा आणि आम्ल घातलेली बाटली त्यांच्याकडूनच मागून घ्या. ती विसळू नका. पंप काही मिनिटं चालवून मग भरा. जिवाणूंच्या चाचणीची बाटली वेगळी आणि निर्जंतुक लागते, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी लागते. निकाल आला, की आर्सेनिकचा आकडा बघा : जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा लाखावा भाग. आणि पाणी उकळून आर्सेनिक जात नाही. पाणी आटतं, तेवढं ते उलट दाट होतं.

तुमचे डॉक्टर चांगले आहेत, त्यांना सोडू नका.

प्रश्न : मी एम.एस्सी. करते. आमचे सर म्हणतात, उपयोजित संशोधन म्हणजे दुसऱ्यांनी शोधलेलं वापरणं, त्यात स्वतःचा शोध काही नसतो. मला पर्यावरण आणि आरोग्य यातच काम करायचं आहे. मी चुकते आहे का? – एक विद्यार्थिनी

तुला ‘तू’ म्हटलेलं चालेल ना? सरांशी वाद घालू नकोस, परीक्षा व्हायची आहे. पण ही एक गोष्ट मनात ठेव.

बांगलादेशातल्याच खेड्यांत गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. जवळजवळ तिघींत एकीच्या रक्तात ते जास्त होतं. डोळ्यांना दिसेल असा कारखाना किंवा धूर आसपास नव्हता. संशयितांची यादी झाली : कीटकनाशकं, डाख (सोल्डर) दिलेले पत्र्याचे डबे, काही बायका खातात ती भाजकी माती, आणि हळद. आता पुढचं काम बघ. शिशाचे चार स्थिर समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे थोड्या वेगळ्या वजनाचे अणू) असतात आणि खनिज कुठल्या खाणीतलं त्यावर त्यांचं आपसातलं प्रमाण ठरतं. हे ज्ञान भूशास्त्रज्ञांनी खडकांची वयं काढण्यासाठी मिळवलेलं. या शिशाचा माग काढणाऱ्या संशोधकांच्या गटाने तेच रक्तातल्या शिशाला लावलं, आणि रक्ताचा ठसा जुळला हळदीशी. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. जेना फोर्सिथ यांच्यासोबत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे आणि ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्राचे लोक त्यात होते.

तुझे सर कदाचित इथे थांबून म्हणतील, बघ, समस्थानिक काही यांनी शोधले नाहीत. बरोबर. पण हळदीत शिसं येतं कुठून, हे कुठल्याही यंत्राने सांगितलं नसतं. त्यासाठी हे लोक शेतकरी, हळकुंडं पॉलिश करणारे, दळणारे, ठोक व्यापारी अशा सगळ्यांकडे जाऊन बसले आणि विचारत राहिले. तेव्हा कळलं, की १९८०च्या दशकात पुरामुळे हळकुंडं नीट वाळेनात, काळवंडली. ती खपावीत म्हणून पॉलिशच्या वेळी पिवळी भुकटी चोळायची सवय लागली. ती भुकटी म्हणजे लेड क्रोमेट, रंगकामातला पिवळा रंग. पूर ओसरला, भुकटी राहिली. चोळणाऱ्यांपैकी अनेकांना ते विष आहे हेच माहीत नव्हतं.

मग तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाजारांत सूचना लावल्या, वर्तमानपत्रांत छापलं, बाजारात हातात धरायचं क्ष-किरण यंत्र नेऊन व्यापाऱ्यांसमोर हळद तपासली, दंड केले. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. २०२१ मध्ये एकाही नाही. इतका सरळ उतरलेला आलेख मी माझ्या नोकरीत एकदाही काढला नाही, आणि माझा हेवा लपत नसेल तर नसू दे.

यातला ‘शोध’ कुठला? माझ्या मते, भाजक्या मातीच्या आणि डब्यांच्या शेजारी ‘हळद’ हा शब्द ज्याने लिहिला, त्याने तो लावला. पुढचं सगळं चोख काम आहे, पण तो शब्द यादीत नसता तर चोख काम करूनही हाती काही लागलं नसतं. तुला जमेल. फक्त प्रबंधाच्या आधी सहा महिने माणसांना प्रश्न विचारायला ठेव. आणि ‘तुम्ही हळदीत काही मिसळता का?’ असं विचारू नकोस, कोण हो म्हणेल? ‘हळकुंड चांगलं दिसावं म्हणून काय काय करावं लागतं?’ असं विचार. माणूस कौतुकाने सांगतो.

प्रश्न : गेल्या वर्षी विहिरीकडच्या अर्ध्या रानात जिवाणू खत वापरलं, पीक जोरात आलं. या वर्षी सगळ्या रानात वापरलं, तर काहीच फरक नाही. खत खोटं की मी चुकलो? – एक शेतकरी

तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात ते तीन शब्द मी लाल शाईने अधोरेखित केले आहेत : ‘विहिरीकडच्या अर्ध्या रानात’. पाणी आधी तिथे पोहोचतं, गाळ तिथे साचतो, तुमची नजरही जाता-येता तिथेच असते. पीक जोरात आलं ते खताने की विहिरीने, हे आता देवही सांगू शकणार नाही. खत खोटं असेलही. पण तुमच्या प्रयोगावरून ते कळत नाही.

या अडचणीवरचा तोडगा शेतातच निघाला. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला १८४३ पासून गव्हाचा एक खतप्रयोग चालू आहे, अजूनही. तिथे १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचे संख्याशास्त्रज्ञ जुन्या नोंदी चाळायला आले. जमीन एकसारखी कधीच नसते, तेव्हा कुठल्या वाफ्याला काय द्यायचं हे माणसाने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावं, ही पद्धत त्यांनी घालून दिली. आज औषधांच्या चाचण्या होतात त्या याच तत्त्वावर. (हेच फिशर उतारवयात सिगारेटने कर्करोग होतो हे मान्य करायला तयार नव्हते, आणि तंबाखू कंपन्यांचे सल्लागारही होते. मोठ्या माणसाचं डोकं घ्यावं, हट्ट घेऊ नये.)

पुढच्या हंगामात रानाचे बारा पट्टे पाडा, पण पाण्याच्या वाटेला आडवे नकोत, समांतर पाडा. प्रत्येक पट्टा विहिरीपासून पार शेवटच्या बांधापर्यंत जाऊ द्या, म्हणजे जवळचं-लांबचं पाणी प्रत्येकाच्या वाट्याला येतं. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांची एक जोडी, अशा सहा जोड्या. प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवा. छापा आला तर डावीकडे खत, काटा आला तर उजवीकडे. नाणं उडवताना मन म्हणेल, ‘इकडे जरा बरं दिसतंय.’ ऐकू नका. बाकी पाणी, खुरपणी, फवारणी सगळं सारखं. काढणीला कडेच्या ओळी सोडून द्या, त्यांना मोकळी हवा आणि ऊन जास्त मिळतं आणि शेजारच्या पट्ट्यातलं खतही मुळांना लागतं. मधल्या ओळी कापा आणि वजनकाट्यावर घाला, डोळ्यांनी जोखू नका. सहाही जोड्यांत खताचा पट्टा भारी ठरला तर खत घ्या. तीन इकडे, तीन तिकडे झालं तर पैसे वाचवा. आकडे मला पाठवा, दोन्ही वेळा आवडतील.

प्रश्न : पाणी फडक्याने गाळून प्यावं हे आमच्या आजीलाही माहीत होतं. त्यावर मोठमोठ्या संशोधकांनी वर्षानुवर्षं काम करण्यासारखं काय आहे? – एक निवृत्त शिक्षक

फडकं कुठलं, घड्या किती आणि पाणी कुठल्या रोगाचं, हे.

अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माहीत होतं, की पटकीचा (कॉलराचा) जंतू पाण्यातल्या बारीक तरंगत्या जीवांना चिकटून राहतो. एकटा जंतू कुठल्याही कापडातून निसटतो, पण त्याचं वाहन अडवता येतं. बांगलादेशातल्या मतलब भागातल्या ६५ गावांत तीन वर्षं त्यांनी हे तपासलं : जुनी सुती साडी, किमान चार घड्या. पटकी ४८ टक्क्यांनी कमी झाली. निकाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनीच साडी का? धुऊन धुऊन सूत पिंजारतं आणि विणीतली भोकं लहान होतात. कोरी साडी तितकं अडवत नाही. तुमच्या आजींना हे माहीत असेल तर त्यांना माझा नमस्कार, पण एकेरी फडक्याने त्या फक्त काडी-कचरा काढत असाव्यात असा मला संशय आहे.

पाच वर्षांनी संशोधक पुन्हा त्या गावांत गेले, तेव्हा ३१ टक्के बायका अजून गाळत होत्या. काहींच्या घड्या मात्र कमी झाल्या होत्या.

प्रश्न : गाळलेल्या पाण्यात तुरटी फिरवली तर उकळायची गरज नाही ना? – सही वाचता आली नाही

आहे. गढूळपणा तळाशी बसतो आणि त्याच्यासोबत काही जंतूही, पण सगळे नाहीत. वरचं नितळ पाणी ओतून घ्या आणि उकळा.