कालवं, चुना आणि खाजणातली शिल्पं

प्रश्न : ताई, माझी मुलगी कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. 'निसर्ग' या विषयावर प्रकल्प करायचाय, तर ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रीवादी कलावंतांचंच वाचत बसते. आम्ही कोळी. सासूबाई अजून ओहोटीला कालवं काढायला जातात. मी म्हणते, दाराशी खाडी आहे, फ्लेमिंगो येतात, ते काढ की! तिकडच्या बायकांचा आपल्याशी काय संबंध?
– एक आई, दिवाळे, नवी मुंबई

उत्तर : संबंध आहे, आणि तो कालवांपासूनच सुरू होतो.

बेव्हर्ली ब्युकॅनन ही कृष्णवर्णीय शिल्पकार १९४० साली जन्मली. सार्वजनिक आरोग्य शिकली, आरोग्य-शिक्षिकेची नोकरी केली आणि ती सोडून पूर्णवेळ कलेकडे वळली. १९८१ मध्ये तिने जॉर्जिया राज्यातल्या ब्रन्सविकच्या खाजणात काँक्रीटचे मोठाले ढिगारे रचले आणि वरून टॅबीचा थर दिला. कालवांची शिंपलं भाजून चुना करायचा, त्यात वाळू, राख, पाणी आणि आणखी शिंपलं घालायची, की झाली टॅबी. त्या किनाऱ्यावरच्या मळ्यांमधल्या कितीतरी इमारती याच मालाच्या आहेत आणि त्यामागचे कष्ट गुलामांचे. जवळच सेंट सायमन्स बेट आहे. १८०३ मध्ये तिथे विकून आणलेल्या, पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो लोकांनी गुलामी नाकारली आणि ते खाडीच्या पाण्यात चालत गेले, कित्येक बुडाले. ब्युकॅननने तिथे कुणाचा पुतळा उभारला नाही. तिचे ढिगारे भरतीला बुडतात, झिजतात, चिखलात रुतत जातात. ते तसे झिजावेत, हीच तिची इच्छा होती. २०१५ मध्ये ती गेली. तिचं काम अजून त्या खाजणात विरघळतं आहे.

मी चेंदणी कोळीवाड्यात वाढले. शिंपलीच्या धारेने कापलेली बोटं मी घरात पाहिली आहेत, म्हणून हे काम मला फार जवळचं वाटतं. ब्युकॅननला त्या जमिनीत राबलेली माणसं वेगळी काढून नुसतं खाजण दाखवता येत नव्हतं. आपल्याकडे ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण खाडीचं चित्र म्हणून जे छापून येतं, त्यात गुलाबी पक्षी असतात, मागे टॉवर असतात. गुडघाभर चिखलातली बाई मात्र नसते. लेकीला हेच खटकत असावं. खटकू द्या.

तिला लाटोया रूबी फ्रेझिअरची छायाचित्रंही बघायला सांगा. पेनसिल्व्हेनियातलं ब्रॅडॉक हे तिचं गाव. तिथला पोलादाचा कारखाना १८७५ पासूनचा. आजी, आई आणि स्वतः, अशा तीन पिढ्यांचे फोटो तिने वर्षानुवर्षं काढले. कारखान्याच्या धुराखालचं आयुष्य, घरातली आजारपणं, २०१० मध्ये बंद झालेलं गावचं इस्पितळ, सगळं त्यात आहे. प्रदूषणाबद्दल ती बोलते ते आपल्या घरातल्या देहांवरून. आईही तिथे नुसती फोटोपुरती बसलेली नाही. काही छायाचित्रं दोघींनी मिळून केलेली आहेत.

एक मात्र तिला बजावा. गुलामगिरीचा इतिहास त्यांचा आहे, तो उचलून आपल्या खाडीवर चिकटवायचा नाही. ढिगाऱ्यांची नक्कल तर नकोच. तिने त्यांची बघण्याची रीत घ्यावी. खाडीचं पाणी केव्हापासून बदललं, कुठली मासळी दिसेनाशी झाली, पूर्वी कुठपर्यंत चालत जाता यायचं, याची माहिती तुमच्या सासूबाईंपाशी असेल. ती ऐकून, लिहून घेणं हा प्रकल्पाचा अर्धा भाग समजा.

सासूबाईंची हरकत नसेल, तर उधाणाच्या ओहोटीला मुलीला सोबत जाऊ द्या. पहिल्या दिवशी कॅमेरा घरी ठेवावा आणि कालवं काढू लागावं. पुढे प्रदर्शन झालंच, तर आजीचं नाव कुठे आणि कसं लिहायचं, हे आजी-नातीने आधीच बसून ठरवावं.