सिनेमाने १०० कोटींचा गल्ला जमवला, तर निर्मात्याच्या हातात किती पडतात?

ढोबळ मानाने ४० कोटींच्या आसपास, आणि त्यातूनही खर्च जायचाच असतो. मी एका वितरकाच्या ऑफिसात हिशेब बघतो, म्हणून तिकिटापासूनच सांगतो.

२०० रुपयांचं तिकीट धरा. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, तो आधी गेला. उरले १६९, हे नेट. पोस्टरवर मिरवतात तो आकडा बहुतेकदा ग्रॉस, म्हणजे करासकट. नेटमधून थिएटरचा वाटा गेला की उरतो तो शेअर. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं असं फाटलं की दोन महिने मोठे हिंदी सिनेमे तिथे लागलेच नाहीत. तडजोडीत वितरकाकडे येणारा शेअर ठरला: पहिल्या आठवड्यात नेटचे ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. बोलणी सिनेमागणिक वेगळी होतात, पण उतरती भाजणी कायम. तुमच्या तिकिटातले पहिल्या आठवड्यात ८५ रुपये इकडे येतात, चौथ्यात जेमतेम ५१.

मराठी सिनेमाचं दुखणं इथेच आहे. आपला प्रेक्षक आधी ‘कसा आहे?’ विचारणार, मग जाणार. तोंडोतोंडी नाव होईस्तोवर दुसरा आठवडा उजाडतो. शेअर घसरलेला, शो सकाळी पावणेदहाला ढकललेला. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर डीसीआर येतो, म्हणजे दिवसभराचा शोवार हिशेब. त्यात पावणेदहापुढे ११ तिकिटं दिसली की समजायचं, शुक्रवारी हाही शो गेला.

शेअर आला तरी वितरकाचं कमिशन आणि त्याने पब्लिसिटीला, डिजिटल प्रोजेक्शनच्या फीला घातलेले पैसे आधी वसूल होतात. वितरकाने निर्मात्याला एमजी (मिनिमम गॅरंटी), म्हणजे ठरावीक रक्कम आगाऊ दिली असेल, तर बुडीत वितरकाच्या माथी. हल्ली मराठीला एमजी देणारा शोधावा लागतो. पॉपकॉर्नमधला एक रुपयाही निर्मात्याला मिळत नाही.

जाता जाता: आमच्या धंद्यात संयुक्त महाराष्ट्र अजून झालेला नाही! वितरणाचे विभाग, म्हणजे सर्किटं, अजून जुन्याच नकाशावर: विदर्भ सीपी बेरार सर्किटमध्ये, मराठवाडा निजाम सर्किटमध्ये, पुणे-कोल्हापूर गुजरात-गोव्याबरोबर मुंबई सर्किटमध्ये. हक्कही तसेच तुकड्यातुकड्याने विकले जातात.

टीव्ही, ओटीटी आणि गाण्यांचे हक्क यात धरलेले नाहीत, ते वेगळे विकतात. पण मोठं नाव नसलेला सिनेमा घेऊन गेलात, तर ओटीटीवाले पहिला प्रश्न थिएटरच्या गल्ल्याचाच विचारतात.